साडेबाराला मागे फिरणे

तो रविवार मी विसरलेलो नाही. पोलीस खात्यात तेहतीस वर्षं नोकरी झाली. खून पाहिले, दरोडे पाहिले, एका आरोपीमागे महिनाभर परराज्यात फिरलो. पण निवृत्तीनंतर कुणी ‘एखादी केस सांगा साहेब’ म्हटलं की मला आधी हीच आठवते, आणि हिच्यात तर शेवटी गुन्हाच निघाला नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही. सगळी माणसं हयात आहेत, ठणठणीत आहेत.

वर्धा शहराच्या कडेच्या एका ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते आणि थंडी चांगलीच होती. रविवारी सकाळी ठाण्यात जरा सुस्ती असते. रात्रपाळीचा ठाणे अंमलदार डायरी पूर्ण करून सकाळपाळीला चार्ज देतो, वायरलेसवर कंट्रोल रूमचा कॉल होतो आणि मग चहा येतो. मी कप हातात घेतला तेवढ्यात बोरगाव मेघेतलं एक जोडपं आत आलं. साडेसात वाजले असतील. नवरा चाळिशीचा, सरकारी कचेरीत नोकरीला. अंगात घरचाच टी-शर्ट, पायात दोन वेगवेगळ्या चपला. घाबरलेला माणूस मी चपलांवरून ओळखतो.

“साहेब, आई कालपासून नाही,” तो म्हणाला.

आई सहासष्ट वर्षांची. सेवानिवृत्त आरोग्य सेविका. जिल्ह्याच्या उत्तरेकडे डोंगराला लागून जी जंगलातली गावं आहेत, तिथं तिने तीस वर्षं नोकरी केली. गावोगावी लोक तिला नर्सबाई म्हणत. वडील वारलेले. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयात स्टेंट बसवला होता. तेव्हापासून मुलगा तिला पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नव्हता. शनिवारी दुपारी ‘पवनारला मावसबहिणीकडे जाते, दोन दिवस राहते’ असं सांगून ती निघाली. रविवारी सकाळी मुलाने मावशीला सहज फोन केला. मावशी म्हणाली, “ती कुठं आली इकडं? तिचा तर पंधरा दिवसांत फोन नाही.” आईचा मोबाईल आदल्या संध्याकाळपासून बंद होता.

मिसिंग दाखल करून घेताना काही प्रश्न ठरलेले असतात. घरात भांडण झालं होतं का, आजार, कुणावर संशय, अंगावरचे कपडे. सुनेने कपडे नीट सांगितले. मग तिने पर्समधून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. सासूच्या गोळ्यांच्या डब्याखाली सापडला होता. वहीचं पान, त्यावर निळ्या शाईतलं सुबक अक्षर. मी तो कागद इतक्या वेळा वाचला आहे की आजही पाठ आहे.

‘दोर, चाळीस हात. चाकू, धार लावून. बांगड्या आणि चेन कपाटात काढून ठेवणे. घरी सांगायचे नाही. मोबाईल बंद. गोळी साडेपाचला. सहाला निघणे. आठ, पावणेदहा, सव्वाअकरा. साडेबारा, जिथे असू तिथून मागे. पाणी तीन बाटल्या. गूळ, शेंगदाणे. जुने बूट, नवीन नको.’

“बांगड्या खरंच कपाटात आहेत,” सून म्हणाली आणि रडायला लागली.

मुलाला त्या कागदात दोरच दिसत होता. मलाही पहिल्यांदा दोरच दिसला, हे कबूल करतो.

ठाणे अंमलदाराने नोंद घेतली, कंट्रोलला बिनतारी संदेश दिला आणि फोटो सगळीकडे टाकला. आमच्या जिल्ह्यात पोलीस पाटलांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. एरवी त्यांच्यावर सकाळच्या शुभेच्छा आणि देवांचे फोटोच जास्त असतात, पण कामाच्या वेळी त्यांच्यासारखं दुसरं साधन नाही. पंधरा मिनिटांत उत्तरेकडच्या एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

“साहेब, ह्या तं आमच्या नर्सबाई! काल सांजच्या गाडीनं उतरल्या. मी सोता पाह्यलं.”

“कुणाकडे गेल्या?”

“टोल्यावरच्या म्हाताऱ्याकडे, गावाभाईरच्या वस्तीत. वनमजूर होता पह्यले. पण साहेब... शुक्रवारच्या बाजारात त्यानं नवा दोर घेतला. मी इचारलं, कायले रे बावा? तं काही बोलला नाई. आन् आता मी त्याच्या घरी जाऊन आलो. बाई घरी नाई. म्हातारा वावरात बसून आहे एकटाच. म्हणते, मले माईत नाई.”

मी त्या म्हाताऱ्याची माहिती काढायला सांगितली. जुना रेकॉर्ड निघाला. वीस वर्षांपूर्वीचा वनगुन्हा, सागाची लाकडं. गोंड कुटुंब, जंगलाला लागून घर. माझ्या डोक्यात चित्र तयार व्हायला तेवढं पुरे झालं. आज लिहायला लाज वाटते, पण त्या वेळी मला ते चित्र अगदी पक्कं वाटलं.

जीपमध्ये मी, माझा हवालदार, एक महिला अंमलदार, एक तरुण शिपाई आणि तो मुलगा असे पाच जण निघालो. सुनेला घरी थांबायला सांगितलं. सव्वा तासाचा रस्ता. मुलगा वाटभर एकच वाक्य बोलत होता. “तिला जिना चढू देत नाही साहेब मी. जिनासुद्धा.”

गावाच्या पलीकडे तो डोंगर उभा होता. तिथले लोक त्याला झेंड्याचा डोंगर म्हणतात. माथ्यावर त्यांचं देवाचं ठाणं आहे आणि वर्षातून एकदा ते तिथं पांढरा झेंडा बदलायला जातात. सह्याद्रीतला माणूस या उंचीला हसेल. पण खालचं निम्मं घनदाट सागाचं आणि बांबूचं जंगल आहे, त्यात अस्वलं आहेत, कधीमधी वाघही फिरतो, आणि वरचा निम्मा डोंगर सरळ छातीवर येतो. सुटे दगड आणि निसरडं वाळकं गवत. गावातले धडधाकट लोकही वर्षातून एकदाच जातात ते उगाच नाही.

साडेनऊ वाजून गेले होते. म्हातारा वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डोंगराकडे तोंड करून बसला होता. सत्तरीचा, काटक, डावा गुडघा सुजलेला. आम्हाला पाहून उठला, हात जोडले.

“बाई कुठं आहे?” मी विचारलं.

“मले नाई माईत साहेब.”

“काल तुझ्या घरी होती ना?”

“होती.”

“मग?”

“नाई माईत.”

हवालदाराने त्याला दंडाला धरून घरात नेलं. मी खाटेवर बसलो, तो जमिनीवर. चौकशीत आम्ही माणसाला दार दिसणार नाही असं बसवतो, म्हणजे त्याचं लक्ष आपल्याकडे राहतं. तसंच बसवलं. दोर कशाला घेतला? उत्तर नाही. घरातल्या बाया कुठे आहेत? “बुढी आन् सून बाहेर गेल्या.” कुठे? उत्तर नाही. मी आवाज चढवला. खाटेच्या खुरावर काठी आपटली. मुलगा मधेच त्याच्या पायाशी बसला आणि म्हणाला, “काकाजी, माझी आई आहे हो ती. तिला हार्टचा त्रास आहे.”

म्हाताऱ्याने त्याचा चेहरा निरखला. मग हळूच म्हणाला, “तू तिचा पोरगा? लहान होता तवा आलता एकदा. तुले बोरं देलती मी.”

“साहेब, दोन मिनिटं माझ्याकडे द्या,” हवालदार माझ्या कानाशी म्हणाला. त्याचा अर्थ मला माहीत होता. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याला दुसरी पद्धत येत नव्हती. खरं सांगायचं तर क्षणभर मीही ‘हो’च्या जवळ आलो होतो.

तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. म्हाताऱ्याची मान सारखी मागे वळत होती. चौकशीत माणूस नजर चुकवतो तेव्हा खाली पाहतो, कोपऱ्यात पाहतो, आपल्या हाताकडे पाहतो. हा मात्र काठी आपटणाऱ्या पोलिसाला पाठ करून दाराकडे पाहत होता. आणि दारातून फक्त डोंगर दिसत होता.

“साहेब, मले भाईर बसू द्या,” तो एकदम म्हणाला. “मंग मारा लागन तं मारा. पण भाईर.”

मी घड्याळ पाहिलं. नऊ त्रेचाळीस. खिशातला कागद काढून पुन्हा उघडला. ‘आठ, पावणेदहा, सव्वाअकरा.’ आणि त्याखालची ओळ, जी मी सकाळपासून चार वेळा वाचूनही वाचली नव्हती. ‘साडेबारा, जिथे असू तिथून मागे.’ आत्महत्येच्या केसेस मी पुष्कळ पाहिल्या. त्यातल्या चिठ्ठ्या वाचल्या, पंचनामे केले. जीव द्यायला निघालेला कुणीही आपली परतीची वेळ लिहून ठेवत नाही. जुने बूट घ्यायचे की नवे, याचा विचार करत नाही.

“बाबा, चला बाहेर,” मी म्हणालो.

आम्ही धुऱ्यावर गेलो. म्हाताऱ्याने कपाळावर हात धरून डोंगराच्या मध्यावरच्या खिंडीकडे नजर लावली. दोन मिनिटं गेली, चार गेली. मग त्या खिंडीत, सागाच्या करड्या फांद्यांच्या वर, काहीतरी लाल हललं. एकदा, दोनदा, तीनदा.

म्हातारा खाली बसला.

“आता इचारा,” तो म्हणाला. “बाईनं मह्याकून शब्द घेतलता. पोरगा इचारन तं सांगजो नाई. पण आता तुमी पाह्यलंच.”

मुलगा खिंडीकडे पाहत उभाच होता. “ती आई आहे? तिथं?”

“हाव. तुही माय, माही बुढी आन् माही सून. तिघी जणी.”

मग त्याने सगळं सांगितलं. गेल्या दिवाळीपासून त्यांचं चाललं होतं. वाट त्याच्या डोक्यात होती, चाळीस वर्षं वनखात्यात मजुरी केलेली. बाई फोन करायची, तो एकेक टप्पा सांगायचा आणि बाई लिहून घ्यायची. कुठं पाणी आहे, कुठं सावली, अस्वल कोणत्या बाजूने उतरतं, दोर कोणत्या झाडाला बांधायचा, चाकूने वाटेतला कोणता बांबू तोडावा लागेल. डोंगरावर मोबाईलला रेंज नाही. म्हणून वावरातून दिसणाऱ्या तीन जागा ठरल्या. मोहाचा माळ आठला, खिंड पावणेदहाला, कड्याखालचा पांढरा दगड सव्वाअकराला. प्रत्येक ठिकाणी सून लाल लुगड्याचा तुकडा हलवणार. गुडघ्यामुळे त्याला जाता येत नव्हतं, म्हणून त्याचं काम पाहण्याचं.

“आन् अर्ध्या तासात नाई दिसलं, तं मी गावातले चार जण घेऊन जाणार. असं ठरलं आमचं.”

“मग मला काऊन नाही सांगितलं तिनं?” मुलगा ओरडलाच. इतका वेळ शहरी बोलणाऱ्या त्याच्या तोंडातून तिथली बोली निघाली.

म्हाताऱ्याने डोंगराकडे तोंड फिरवलं. ते उत्तर त्याला द्यायचं नव्हतं असं मला वाटलं.

मी मुलाला म्हणालो, की आई सापडली आहे, दुपारी खाली येईल, आपण थांबू. पोलीस पाटलाने काळा चहा आणला. हवालदार म्हाताऱ्याच्या शेजारी बसून तंबाखू मळायला लागला आणि अर्धी त्याला दिली. माफी मागायची त्याची ती रीत होती. मी मात्र स्पष्ट शब्दांत मागितली. म्हातारा म्हणाला, “जाऊ द्या ना साहेब. तुमाले काय माईत.”

सव्वाअकरा झाले. पांढऱ्या दगडाशी काही हललं नाही.

साडेअकरा झाले. वाऱ्याने गवत हलत होतं तेवढंच. म्हातारा उभा राहिला. “मही बुढी येळेची पक्की आहे,” तो म्हणाला, “अर्धा तास नको पाहू.”

पाहणार नव्हतोच. मोहाच्या माळापर्यंत लाकडाच्या गाड्यांची जुनी वाट होती, तिथवर जीप गेली. पुढे मी, मुलगा, महिला अंमलदार, शिपाई आणि गावातले दोघे पायी निघालो. हवालदाराला म्हाताऱ्यापाशी ठेवलं. माझं वय तेव्हा छप्पन्न. खिंडीपर्यंत गेलो आणि छाती फुटायची वेळ आली. तिथून वर वाटच नव्हती, होती ती चढण. दोन्ही हात लावून चढायचं. एका ठिकाणी सालईच्या झाडाला नवा दोर बांधलेला दिसला, गाठ अगदी व्यवस्थित. तो धरून आम्ही वर गेलो. तो नसता तर मला तिथूनच परत फिरावं लागलं असतं.

दम घ्यायला थांबलो तेव्हा मुलगा म्हणाला, “दिवाळीत म्हणाली होती साहेब मला. झेंड्याच्या डोंगरावर जायचं आहे म्हणाली.”

“मग?”

“मी हसलो. म्हटलं, टीव्हीवर पाहा डोंगर.” त्याने तोंड पुसलं. “परत नाही बोलली कधी. मला वाटलं विसरली.”

सव्वा वाजत आला असेल. वरून आवाज आला. बायकांचा, आणि चक्क हसण्याचा. पांढऱ्या दगडाच्या थोडं खाली, एका सपाट शिळेवर त्या तिघी बसल्या होत्या. म्हाताऱ्याची बायको पाय लांब करून बसलेली. तिच्या घोट्याला बांबूच्या दोन कामट्या लावून वर लाल लुगड्याचा तुकडा घट्ट बांधला होता. निशाणी का दिसली नाही ते मला तेव्हा कळलं. दगड निसटून तिचा पाय मुरगळला होता आणि नर्सबाईने निशाणीचं कापड पट्टीला वापरलं होतं. बाईंच्या साडीचा काष्टा मारलेला, पायात जुने कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. पोलीस पाहून त्या जराही दचकल्या नाहीत. मागून मुलाचं डोकं वर आलं, तेव्हा मात्र चेहरा बदलला.

“तू कायले आला रे?” त्या म्हणाल्या. “दम लागला किती! बस. पह्यले पाणी पी.”

मुलगा बसला. पाणी प्यायला. मग आईच्या बुटांवर डोकं टेकून रडला. बाई त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या आणि मला म्हणाल्या, “साहेब, फ्रॅक्चर नाही वाटत. सूज आहे, पण बोटं हलतात. तरी एक्स-रे काढावा लागेल. खाली न्यायला चार माणसं लागतील. आम्ही बसत-बसत उतरूनच राहिलो होतो.”

मी वर पाहिलं. माथ्यावरचा पांढरा झेंडा स्वच्छ दिसत होता. अर्ध्या तासाचीच वाट उरली होती.

तेच म्हाताऱ्याच्या बायकोच्या मनात आलं असावं. आधी ती सुनेशी गोंडीत काहीतरी बोलली, मग बाईंना म्हणाली, “आता हे इतके लोक आले ना. मी बसतो इथं. तू जा वरतं. पोराले घेऊन जा.”

मी म्हणालो, “जा तुम्ही बाई. आम्ही आहोत इथं.” मुलगाही डोळे पुसून म्हणाला, “चल आई, मी नेतो.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. पुन्हा एकदा झेंड्याकडे पाहिलं. मनातून किती ओढ होती ते चेहऱ्यावर दिसत होतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “साडेबारा वाजून गेले.”

आणि उठून त्यांनी मैत्रिणीच्या काखेत हात घातला.

गावातल्या दोघांनी आणि माझ्या शिपायाने आळीपाळीने त्या म्हातारीला पाठीवर घेतलं. दोराच्या जागी दोराने उतरवलं. उन्हं कलायच्या आत सगळे खाली होतो. म्हातारा धुऱ्यावरून लंगडत पुढे आला. बायकोला त्याने एकच विचारलं, “निशाण काऊन नाई देलं?” तिने पायाकडे बोट दाखवलं. तो तिच्याजवळ बसला आणि तिच्या डोक्यातले गवताचे काटे काढू लागला.

मिसिंगमधली व्यक्ती मिळाली की तिचा जबाब घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी बाई मुलासोबत ठाण्यात आल्या. अंमलदाराने नेहमीच्या पद्धतीने लिहायला सुरुवात केली, ‘मी घरी कोणास काही एक न सांगता रागाच्या भरात...’ बाईंनी त्याला थांबवलं.

“राग कुठून आणला बाबू? लिही, पूर्ण तयारी करून.”

मग त्यांनी तयारी सांगितली. सव्वा वर्ष रोज पहाटे फिरायला जाते म्हणून त्या रेल्वे स्टेशनवर जायच्या आणि पादचारी पुलाच्या पायऱ्या चढून उतरायच्या. आधी एकदा, मग तीनदा, शेवटी वीस वेळा. डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली होती. पट्ट्यावर चालवून काढलेला रिपोर्ट त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सावकाश जा, एकटं जाऊ नका, दम लागला की हट्ट करू नका. कागदावरची साडेबाराची ओळ तिथून आली होती.

“पण कशासाठी?” अंमलदाराने विचारलं. जबाबात कारण लागतं.

“तीस वर्षं मी त्या गावांतून चालली,” बाई म्हणाल्या. “सतरा गावं होती माह्याकडे. एका गावातून दुसऱ्या गावात, सदा पाय जमिनीवर आन् नजर वाटेवर. टोल्यावरची ही बुढी म्हणायची, वरतं चाल एकदा, तुही सगळी गावं एका जागी दिसतात. दरवर्षी म्हणायची. दरवर्षी कुणाचं तरी बाळंतपण निघायचं. तेवढंच पाहायचं होतं.”

अंमलदाराने लिहिलं, ‘गावे पाहण्याकरिता.’ बाईंनी वाचलं आणि सही केली. मुलगा भिंतीवरच्या फलकाकडे पाहत बसला होता. बाहेर पडताना तो दारात थांबला आणि आईला म्हणाला, “तो कागद पुन्हा लिहावा लागेल. यावेळी पाणी चार बाटल्या घेऊ. मला जास्त लागतं.”

सहा-सात आठवड्यांनी, पळस फुलले तेव्हा ते गेले. म्हातारीचा पाय बरा झाला होता. मला निरोप आला आणि मी एक दिवसाची किरकोळ रजा टाकून गेलो. हवालदारही आला, स्वतःहून. म्हातारा धुऱ्यावर बसला आणि आम्ही तिन्ही ठिकाणांहून त्याला निशाण दाखवलं. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही माथ्यावर होतो. शेंदूर लावलेले दगड, बांबूला बांधलेला झेंडा, आणि चारी बाजूंना मोकळं आकाश. बायांनी आधी देवाला गूळ ठेवला.

मग नर्सबाई कड्याजवळच्या दगडावर बसल्या. खाली जंगलाच्या कडेने गावं विखुरली होती. गव्हाच्या पट्ट्या, कौलं, एखादा पत्रा चमकायचा.

“ते कोणतं?” मुलाने विचारलं.

बाईंनी नाव सांगितलं. “तिथं जुळं झालं होतं. पूर आलता म्हणून दोन दिवस अडकली. तू तेव्हा दुसरीत.”

“माझ्या गॅदरिंगला नव्हतीस, तेव्हा?”

“हाव. तेव्हाच.”

“आणि ते, तळ्याच्या बाजूचं?”

अशी त्याने सतराही गावं विचारली. मी आणि हवालदार जरा लांब जाऊन बसलो. ते ऐकणं आमचं काम नव्हतं.

या केसने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी, की गप्प बसलेला माणूस गुन्हेगारच असतो असं नाही. तो कुणाला तरी दिलेला शब्द पाळत असू शकतो, आणि त्याची जात, त्याचं घर, त्याचा जुना कागद पाहून आपण आधीच निकाल लावलेला असतो. त्या दिवशी म्हातारा दाराकडे पाहत नसता तर माझ्या हातून काय झालं असतं, याचा विचार मी अजून करतो.

दुसरी गोष्ट तपासाची आहे. त्यानंतरच्या दीड वर्षात मिसिंगची प्रत्येक नोंद घेताना मी घरच्यांना एक जादा प्रश्न विचारायचो. भांडण, आजार, संशय हे सगळं झालं की विचारायचो, “या माणसाला अलीकडे काय करावंसं वाटत होतं?” बहुतेक घरं या प्रश्नावर गप्प व्हायची. कपड्यांचा रंग सांगता यायचा, अंगावरची खूण सांगता यायची, पण हे नाही.

एक दिवस ठाण्यातून घरी येताना लक्षात आलं, की माझ्या बायकोबद्दल कुणी हा प्रश्न मला विचारला असता तर मीही गप्प बसलो असतो. जेवताना तिला विचारलं. तिला वाटलं माझी तब्येत बिघडली. दोन-तीन दिवस तिने दाद दिली नाही. मग एका सकाळी भाजी निवडताना, माझ्याकडे न पाहता म्हणाली, “मले गाडी शिकाची आहे.”

आता आम्ही नाचणगावला, माझ्या गावी राहतो. सकाळी रस्ता मोकळा असतो तेव्हा ती गाडी काढते आणि मी डाव्या बाजूला बसतो. बैलगाडी समोर आली की माझा पाय आपोआप दाबला जातो, पण तिथं ब्रेक नाही. मागच्या आठवड्यात तिने मला पवनारपर्यंत नेऊन आणलं. वाटभर मी एक शब्द बोललो नाही. तेहतीस वर्षं हुकूम सोडलेल्या माणसाला ते किती अवघड जातं, हे तिला माहीत आहे. परत आल्यावर तिने गाडी अंगणात सरळ लावली, किल्ली काढली आणि म्हणाली, “पुढच्या रविवारी नागपूर.”